तापल्यावर मुका होणारा फोन आणि फोंड्यातील एक दुरुस्तीचे दुकान

गेली अकरा वर्षे मी फोंडा तालुक्यातील आमच्या गावात मुलांना संवादिनी आणि नाट्यगीते शिकवते. त्यांपैकी चार विद्यार्थी आता पुढील शिक्षणासाठी पुण्याला आणि बेळगावला राहतात, त्यामुळे त्यांचे पाठ फोनवरूनच होतात. शिवाय देवळातील भजने, चवथीच्या आरत्या आणि जत्रेआधीच्या नाटकाच्या तालमी यांचे ध्वनिमुद्रणही मी त्याच फोनवर करते. फोनचा पडदा थोडा तडकला तरी माझे काम अडत नाही, पण त्याचा माइक बिघडला तर शिकवणेच थांबते. म्हणूनच या वर्षीच्या उन्हाळ्यात माझ्या फोनचा आवाज कसा गेला, तो कोणी आणि कसा शोधून दिला, आणि ज्या दुकानात हे काम झाले ते मला का पटले, हे सविस्तर लिहावेसे वाटले.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यापासून पाठ सुरू झाल्यावर पंधरा-वीस मिनिटांत पलीकडचा विद्यार्थी सांगू लागे, "बाई, तुमचा आवाज तुटतोय," आणि मग थोड्याच वेळात माझा आवाज त्याला पूर्ण बंद होई, मला मात्र त्याचे बोलणे स्पष्ट ऐकू येत असे. त्याच सुमारास आणखी दोन गोष्टी माझ्या ध्यानात आल्या. देवळाच्या अंगणात उन्हात फोनवर तानपुरा लावला की त्याचा आवाज आपोआप लहान होई. आणि पाठात संवादिनीवर स्वर लांबवून धरला की माझा गाण्याचा आवाज पोहोचे, पण धरलेला स्वर विरून जाई. हे तिन्ही प्रकार दुपारी, फोन चार्जिंगला लावलेला असताना आणि हाताला चटका जाणवेल इतका तापलेला असताना होत, म्हणून हा एकच आजार आहे आणि त्याचे मूळ उष्णतेत आहे, अशी माझी ठाम समजूत झाली होती.

आधी मी एका मोठ्या, वातानुकूलित दुकानात गेले. तेथील तरुणाने फोन हातात घेऊन दोन मिनिटांत निदान केले: गरम होऊन ऑडिओ आयसीखालचे (म्हणजे आवाजाचे काम करणाऱ्या चिपखालचे) सोल्डर, तिला बोर्डाशी जोडणारा डाख, वितळले आहे, आयसी बदलावा लागेल, खर्च साडेसात हजार. फोन त्या वेळी थंड होता आणि माइक उत्तम चालत होता, तरी त्याने एक वाक्यही रेकॉर्ड करून ऐकले नाही. नंतर समजले की हे कारण मुळातच संभवत नाही. मोबाइलच्या बोर्डावर वापरले जाणारे शिसेविरहित सोल्डर साधारण २१७ अंश सेल्सिअसच्या पुढे वितळते, आणि फोन कितीही तापला तरी त्याच्या जवळपासही पोहोचत नाही. त्याच्या कितीतरी आधी तो स्वतःच बंद पडतो. वारंवार तापून आणि निवून सांधे थकतात आणि त्यांना सूक्ष्म तडे जातात, हे खरे आहे. २०१६ साली आलेल्या आयफोन ७ मध्ये ऑडिओ चिपचे सांधे बोर्डापासून सुटण्याचा दोष दुरुस्ती करणाऱ्यांमध्ये सर्वश्रुत आहे. कॉलमध्ये स्पीकरचे बटण राखाडी होऊन बसते आणि रेकॉर्डरही चालत नाही, ही त्याची ओळख. पण तसा दोष सिद्ध करायला चाचणी लागते, आणि साडेसात हजार रुपये मागणाऱ्याने ती करायला हवी होती, असे माझे स्पष्ट मत आहे.

ज्या दुकानाविषयी मला लिहायचे आहे ते फोंडा शहरात, बसस्थानकापासून चालत सहा-सात मिनिटांच्या अंतरावर, एका जुन्या इमारतीच्या तळमजल्यावर आहे. आत एक टेबल, एक सूक्ष्मदर्शक, गरम हवेचे यंत्र, भिंतीवर सुट्या भागांचे छोटे खण आणि दोन माणसे. मालक पन्नाशीचे आहेत. रेडिओ आणि कॅसेट प्लेयर दुरुस्त करण्यापासून त्यांनी सुरुवात केली, हे त्यांच्या बोलण्यातून कळले. फोन पुढे केला तेव्हा त्यांनी तो हातातही न घेता विचारले, "बाई, कोणाला ऐकू येत नाही? तुम्हाला की समोरच्याला?" या एका प्रश्नाने बिघाडाचे क्षेत्र निम्मे होते, कारण ऐकणे आणि ऐकवणे यांचे मार्ग फोनमध्ये निराळे असतात. पुढचे प्रश्नही तसेच नेमके होते: फोन कानाला लावल्यावर होते की स्पीकरवरही, व्हिडिओ काढला तर त्यात आवाज येतो का, कव्हर कोणते, चार्जर कोणता, फोन कधी पडला होता का, पावसात भिजला होता का, आणि माइकच्या छिद्रात पिन घातली होती का. शेवटच्या प्रश्नाचे कारण त्यांनी सांगितले ते सर्वांनी ध्यानात ठेवण्यासारखे आहे. सिमचा कप्पा उघडायचे छिद्र आणि माइकचे छिद्र दिसायला सारखेच असल्यामुळे कित्येकजण पिन चुकीच्या ठिकाणी खुपसतात, किंवा धूळ काढण्यासाठी जोराच्या हवेचा फवारा मारतात. फोनमधील माइक सिलिकॉनच्या अतिशय पातळ पडद्याचा असतो आणि तेवढ्याने तो फाटू शकतो. छिद्रावरची जाळी मऊ, कोरड्या ब्रशने हलकेच झाडावी, इतकेच पुरे.

त्यानंतरची चाचणी मला संगीताच्या दृष्टीनेही फार आवडली, म्हणून ती जरा विस्ताराने लिहिते. फोनला एकच माइक असतो अशी आपली समजूत असते, पण बहुतेक स्मार्टफोनमध्ये खाली एक आणि वर एक असे किमान दोन असतात. खालचा मुख्यतः बोलण्यासाठी आणि वरचा आजूबाजूचा गोंगाट ओळखून वजा करण्यासाठी. मालकांनी डायलरवर काही चिन्हे दाबून फोनची आतील चाचणी उघडली आणि प्रत्येक माइक स्वतंत्र तपासला. (अशी सोय अनेक कंपन्यांच्या फोनमध्ये असते, सॅमसंगमध्ये स्टार, हॅश, शून्य, स्टार, हॅश असे दाबल्यावर आतील चाचण्यांची यादी उघडते.) फोन थंड असताना दोन्ही माइक ठीक होते. मग त्यांनी माझे जाड रबरी कव्हर पुन्हा चढवले, चार्जर लावला, आणि दुकानातील दुसऱ्या फोनशी व्हिडिओ कॉल जोडून माझा फोन तसाच ठेवला. अठराव्या मिनिटाला आवाज तुटू लागला. इन्फ्रारेड तापमापकावर पाठीचे तापमान ४३ अंश होते. कव्हर काढून, चार्जर सोडवून, पंख्याखाली ठेवल्यावर ते ३७ वर उतरले आणि आवाज परत आला. हाच प्रयोग त्यांनी दुसऱ्यांदा केला, कारण त्यांच्या मते एकदा घडलेली गोष्ट पुरावा होत नाही. फोन लवकर थंड करायला मी घरी तो फ्रिजमध्ये ठेवत असे, हे सांगितल्यावर मात्र ते गंभीर झाले. गोव्याच्या दमट हवेत फ्रिजमधून काढलेल्या वस्तूच्या आत लगेच दव धरते, आणि ते बोर्डावर बसले तर उष्णतेपेक्षा मोठे नुकसान होते.

फोन पुन्हा तापून मुका झाला तेव्हा त्यांनी त्यात गोल छिद्रात बसणारा तारेचा हेडसेट लावला आणि त्याच्या माइकमधून मला बोलायला सांगितले. आवाज स्वच्छ गेला. मी विचारले, ब्लूटूथ लावून पाहिले असते तर? त्याने हे सिद्ध झाले नसते, असे ते म्हणाले, आणि या उत्तराने माझा त्यांच्यावरचा विश्वास पक्का झाला. ब्लूटूथ हेडसेट आवाजाचे अंकांत रूपांतर स्वतःच करतो आणि तयार अंक फोनला देतो. फोनची ऑडिओ चिप त्यात तपासलीच जात नाही. टाइप-सी हेडसेटचेही अनेकदा तसेच असते. गोल छिद्राच्या जुन्या हेडसेटचा माइक मात्र फोनच्या ऑडिओ चिपवरच अवलंबून असतो. फोन तापलेला असूनही त्या मार्गाने आवाज जातो, याचा अर्थ चिप बरी आहे आणि बिघाड खालच्या माइकपासून बोर्डापर्यंतच्या वाटेत कोठेतरी आहे. साडेसात हजारांचा आयसी तेथेच, एकही स्क्रू न उघडता, बाद झाला.

शेवटची चाचणी सर्वांत साधी होती. फोन पूर्ण निवल्यावर त्यांनी त्याच्या पाठीवर खालच्या बाजूला अंगठ्याने हलका दाब दिला आणि मला बोलायला सांगितले, तर थंड फोनमध्येही आवाज तसाच तुटू लागला. म्हणजे उष्णता हे मूळ कारण नव्हते. कोठेतरी सैल झालेली जोडणी होती आणि उष्णता ती उघडी पाडत होती.

एवढे झाल्यावर त्यांनी उघडण्याची परवानगी मागितली. तिच्याबरोबर एक सूचनाही दिली: कारखान्यात लावलेली चिकटपट्टी एकदा सुटली की पाण्याच्या शिंतोड्यांपासूनचे संरक्षण पूर्वीसारखे राहत नाही, नवी पट्टी लावली तरी त्याची हमी ते देणार नाहीत. ही गोष्ट फोन उघडण्याआधी सांगणारे दुकान मला प्रथमच भेटले. पाठीचे झाकण गरम पाट्यावर सैल करून काढल्यावर बॅटरी मधोमध फुगलेली दिसली. माझा फोन साडेतीन वर्षांचा आहे. रात्रभर चार्जिंगला राहणे आणि दुपारी चार्जर लावूनच पाठ घेणे, हा त्याचा नित्यक्रम. लिथियम बॅटरी पूर्ण भरलेली असताना तापत राहिली की तिच्यातील रसायने हळूहळू विघटित होऊन वायू धरतो, आणि म्हणूनच ४५ अंशांच्या वर ती चार्ज करू नये असे सांगितले जाते. त्या फुगलेल्या बॅटरीवरूनच मुख्य बोर्डाला खालच्या छोट्या बोर्डाशी जोडणारी पातळ पट्टी जाते, जिला दुकानात फ्लेक्स म्हणतात. चार्जिंगचे छिद्र आणि खालचा माइक याच छोट्या बोर्डावर असतात. फोन तापला की बॅटरी आणखी फुगे, फ्लेक्स वर उचलली जाई आणि तिचे टोक बोर्डावरच्या बैठकीतून किंचित सुटे. मालकांनी मला सूक्ष्मदर्शकातून ते टोक पाहायला दिले. पितळेच्या भांड्यात ताक राहिल्यावर चढतो तसा हिरवट कळंक त्याच्या दोन-तीन पिनांवर चढला होता. आपल्याकडील पावसाळ्याचे चार महिने आणि घामाने ओला खिसा यांचा तो परिणाम होता.

त्यांनी बॅटरी आणि खालचा बोर्ड बदलला, बैठक आयसोप्रोपिल अल्कोहोलने स्वच्छ केली आणि फ्लेक्स नीट बसवून तिच्यावर मूळची पत्र्याची पट्टी परत आवळली. फुगलेली बॅटरी त्यांनी वाळू भरलेल्या लोखंडी डब्यात टाकली, आणि अशी बॅटरी घरी दाबून चपटी करण्याचा प्रयत्न कोणीही करू नये असे बजावले, कारण ती फुटली तर पेट घेते. बॅटरीचे १,४००, बोर्डाचे ६५०, मजुरीचे ४०० असे एकूण २,४५० रुपये झाले. सुटे भाग कंपनीचे मूळ नाहीत, जुळणारे आहेत, हे बिलावर लिहून दिले आणि त्यांवर तीन महिन्यांची हमी दिली. बिल मागताना संकोच करू नये, असे मी सर्वांना आग्रहाने सांगेन. सेवेत खोट निघाली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार करता येते, पण हातात लेखी कागद नसेल तर ती उभी करणे कठीण जाते.

आता उरलेल्या दोन तक्रारींविषयी. उन्हात तानपुऱ्याचा आवाज लहान होतो, याला त्यांनी बिघाड मानलेच नाही आणि त्याचे पैसेही घेतले नाहीत. स्पीकरला, ज्याला दुकानांत रिंगर म्हणतात, तांब्याची बारीक गुंडाळी असते. तांबे तापले की त्याचा विद्युतरोध वाढतो, दर अंश सेल्सिअसला सुमारे ०.३९ टक्के. आजच्या अनेक फोनमधील ध्वनिवर्धक चिप हा बदल सतत मोजते, त्यावरून गुंडाळी किती तापली आहे याचा अंदाज बांधते, आणि ती जळू नये म्हणून आवाज स्वतःहून उतरवते. फोन सावलीत नेला की काही मिनिटांत आवाज पूर्ववत होतो. तसा तो झाला तर तेथे दुरुस्त करण्यासारखे काही नाही. थंड असतानाही रिंगर फाटल्यासारखा वाजत असेल तर गोष्ट वेगळी. तेव्हा आधी जाळी तपासावी आणि मग रिंगर बदलावा. समुद्रावर नेलेल्या फोनांत जाळीत रेती अडकल्याची उदाहरणे त्यांच्याकडे सतत येतात. पाण्यात चालणारा फोन म्हणून लोक तो समुद्रातही नेतात, पण आयपी ६८ सारख्या पाणीरोधक श्रेणीची चाचणी गोड्या पाण्यात होते, खाऱ्या पाण्याचे अभय त्यात नसते, ही माहिती गोव्यात प्रत्येक फोनविक्रेत्याने गिऱ्हाइकाला द्यायला हवी.

संवादिनीचा धरलेला स्वर विरतो, या तक्रारीत मात्र दुकानाचे ज्ञान थोडे अपुरे पडले आणि मालकांनी ते मोकळेपणाने मान्य केले. फोनच्या रेकॉर्डरवर तोच स्वर अखंड उमटत होता, कॉलवरच तो जात नव्हता. तेव्हा दोष फोनमध्ये नसून ॲपमध्ये असावा, इथपर्यंत त्यांनी मला आणून सोडले. पुढचे मी घरी शोधले. संभाषणाची ॲप माणसाच्या बोलण्याला प्राधान्य देतात आणि पंख्याच्या घरघरीसारखा एकसारखा चालणारा ध्वनी गोंगाट समजून दाबून टाकतात. संवादिनीचा लांब षड्ज आणि तानपुरा हे त्यांच्या लेखी पंख्याच्याच पंगतीतले. झूममध्ये संगीतकारांसाठी ओरिजिनल साउंड नावाची सोय आहे. ती चालू केल्यापासून माझा स्वर पुण्यापर्यंत पूर्ण पोहोचतो. ऑनलाइन शिकवणाऱ्या प्रत्येक गायन-वादन शिक्षकाने फोन दुरुस्तीला नेण्याआधी हे करून पाहावे.

या दुकानात काही उणिवाही आहेत आणि त्या सांगणे आवश्यक आहे. बसायला एकच स्टूल आहे आणि चाचण्यांना वेळ लागतो, त्यामुळे मी तेथे जवळजवळ दोन तास होते. वयस्क माणसाला हे त्रासदायक ठरेल. दुचाकी लावायलाही जागा मिळत नाही. त्याहून महत्त्वाची बाब म्हणजे फोन रात्रभर ठेवून घेताना त्यांच्या सहायकाने माझा पासवर्ड एका उघड्या वहीत, नावासमोर लिहून ठेवला. माझ्या फोनमध्ये बँकेची ॲप आहेत आणि विद्यार्थिनींची छायाचित्रेही आहेत. मी हरकत घेतल्यावर त्यांनी तो लगेच खोडला आणि चाचणीपुरता मीच फोन उघडून द्यावा असे ठरले, पण ही पद्धत त्यांनी सर्वांसाठीच बदलायला हवी. सॅमसंगने २०२२ पासून मेंटेनन्स मोड आणला आहे आणि गूगलच्या पिक्सेल फोनमध्ये रिपेअर मोड आहे. अशा स्थितीत आपली माहिती झाकलेली राहते आणि कारागिराला फोन तपासताही येतो. ही सोय सुरू करायला गिऱ्हाइकाला सांगणे हे दुकानाचे काम आहे.

नव्या माइकविषयी एक सूक्ष्म निरीक्षण नोंदवते. जुन्या आणि नव्या मुद्रणांची मी एकाच संवादिनीवर, त्याच खोलीत, फोन तितक्याच अंतरावर ठेवून तुलना केली. मंद्र सप्तकातील स्वर नव्या माइकमध्ये जरा पातळ येतात. तार सप्तकात फरक कळत नाही. बोलण्याच्या वापरात हा फरक कोणालाही जाणवणार नाही, आणि जुळणाऱ्या भागाकडून यापेक्षा अधिक अपेक्षा करणे योग्यही नाही, पण ज्यांचे काम ध्वनिमुद्रणाचे आहे त्यांनी मूळ भाग मिळतो का, हे आधी विचारावे आणि त्यासाठी थांबायची तयारी ठेवावी.

दुरुस्तीला आता अडीच महिने झाले आहेत. मी जाड कव्हर पाठाच्या वेळी काढून ठेवते, चार्जिंग पाठाआधी उरकते आणि फोन खिडकीच्या उन्हातून हलवून पंख्याच्या वाऱ्यात उभा करते. मे महिन्याच्या उकाड्यात घेतलेला पन्नास मिनिटांचा एक पाठ आणि देवळाच्या सभामंडपात केलेले सलग चाळीस मिनिटांचे भजनाचे मुद्रण, दोन्ही एकदाही न तुटता पार पडली. दुसऱ्या आठवड्यात मी फोन नुसता दाखवायला नेला, तेव्हा मालकांनी तो पुन्हा व्हिडिओ कॉलवर तापवून पाहिला आणि काही न घेता परत दिला.

दुकान रविवारी बंद असते. सकाळी उघडल्या उघडल्या गेलात तर चाचणीसाठी पुरेसा वेळ मिळतो. जाताना आपला नेहमीचा चार्जर, नेहमीचे कव्हर आणि घरात जुना तारेचा हेडसेट असेल तर तोही बरोबर न्यावा, आणि शक्य असल्यास बिघाड होतानाचे मुद्रण दुसऱ्या फोनवर घेऊन ठेवावे.